‘उघाडीगेट’ : एका मथळ्याचे प्रकरण

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथे दर दोन महिन्यांनी विद्यार्थ्यांचे एक भित्तिपत्रक लागते. गेल्या पावसाळ्यानंतरच्या अंकासाठी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या उघाडीवर लेख दिला आणि त्याच्या डोक्यावर लाल शाईने मथळा लिहिला, ‘उघाडीगेट’. लेखाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मथळ्यावरून मात्र संपादक मंडळाच्या दोन बैठका झाल्या, दुसरी तर ग्रंथालय बंद व्हायची वेळ टळून गेल्यावरही चालू होती. एका शब्दाने इतका वेळ खाल्ला, याचे त्या वेळी मला थोडे हसू आले होते. पण शब्द घडतो कसा आणि नव्या मातीत तो रुजतो की नाही, हे दाखवणारे इतके नेटके उदाहरण सहसा हाती लागत नाही, म्हणून ते येथे सविस्तर नोंदवत आहे.

उघाडी म्हणजे काय, हे खाडीकाठच्या वाचकाला सांगावे लागत नाही. घाटावरच्या वाचकासाठी मात्र दोन शब्द हवेत. खाडीचे खारे पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून मातीदगडाचा बांध घालतात. पण पावसाळ्यात शेतात साचणारे गोडे पाणी बाहेर तर गेलेच पाहिजे, म्हणून बांधात मोरी ठेवतात आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर दरवाजे बसवतात. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी दाराला रेटते आणि दार मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब वरचढ ठरतो आणि तेच दार आपसूक उघडते. माणसाने तेथे उभे राहण्याची गरज नसते, फक्त दार धड असावे लागते. फळी कुजली, बिजागरी गंजली किंवा उंबऱ्यात दगड अडकला, तर उधाणाच्या भरतीला खारे पाणी थेट शेतात शिरते आणि त्या जमिनीत पुढची काही वर्षे भाताचे पीक धड येत नाही. या व्यवस्थेसाठी आपल्याकडे १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम आहे, त्याआधी १९४८ चा कायदा होता. त्याहून जुनी पद्धत अशी, की बांधाला खांड गेल्याची हाक आली की गावकीने टोपल्या-फावडी घेऊन धावायचे.

लेखिकेचे म्हणणे साधे होते. तिच्या गावच्या उघाडीचे दरवाजे दुरुस्त झाल्याचे गावात सांगितले गेले, त्याचा खर्चही पडल्याचे बोलले गेले, आणि दरवाजे मात्र होते तेच राहिले. तिने जोडलेल्या छायाचित्रात एक फळी खालच्या अंगाने मूठभर खाल्ली गेलेली दिसत होती, आणि त्या भोकात कोणीतरी मातीने भरलेले सिमेंटचे पोते कोंबले होते. कागद मात्र तिच्याकडे एकही नव्हता. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

आता शब्दाकडे वळू. इंग्रजीत कोणत्याही भानगडीच्या नावाला जोडला जाणारा ‘गेट’ हा प्रत्यय आला कोठून, हे ढोबळमानाने सर्वांना ठाऊक असते. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट नावाच्या इमारतींच्या समूहात, सहाव्या मजल्यावरच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. फ्रँक विल्स नावाच्या पहारेकऱ्याला तळघराच्या दारात कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी लावलेली दिसली होती. दार ओढले तरी कुलूप लागू नये अशी ती योजना होती. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या राजकीय प्रकरणाला तोंड फुटले तेही न मिटणाऱ्या दारामुळेच. त्याच प्रकरणापायी ९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन यांना अमेरिकेचे अध्यक्षपद सोडावे लागले.

पण त्या इमारतींना वॉटरगेट हे नाव का पडले, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. इमारती साठच्या दशकात उभ्या राहिल्या, त्यांचे वास्तुरचनाकार लुइजी मोरेत्ती हे इटालियन होते. नाव मात्र त्या परिसरात आधीपासून वावरत होते. त्याच्या तीन कथा सांगतात. पहिलीप्रमाणे जुना कालवा जेथे पोटोमॅक नदीला मिळतो तेथला दरवाजा म्हणजे वॉटरगेट. दुसरीप्रमाणे लिंकन स्मारकामागे नदीत उतरणाऱ्या भव्य पायऱ्यांचे, म्हणजे आपल्या भाषेत घाटाचे, ते नाव. तिसरी कथा मला सर्वांत आवडते. वॉशिंग्टनपाशी पोटोमॅकला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते आणि तेथे एक मोठा तलाव आहे, ज्याचे नदीकडचे दरवाजे भरतीला पाणी आत घेतात आणि ओहोटीला मिटतात, मग ते पाणी दुसऱ्या बाजूच्या दरवाजांनी बाहेर सोडून तिकडचा गाळ धुऊन काढतात. तो पाण्याचा दरवाजा म्हणजे वॉटरगेट. तिन्हींपैकी कोणतीही खरी धरली तरी मूळ शब्द सरळ षष्ठी तत्पुरुष आहे, पाण्याचे दार. तिसरी खरी धरली, तर वॉटरगेट म्हणजे उलट्या बाजूने चालणारी उघाडीच.

बैठकीत मी हे सांगितले तेव्हा लेखिकेचा चेहरा खुलला. तिला वाटले, मथळ्याचे समर्थन सापडले. प्रत्यक्षात ते समर्थन नव्हते.

कारण इंग्रजीत पुढे जे घडले त्यात पाण्याचाही संबंध उरला नाही आणि दाराचाही. आधी सामासिक शब्दाचे विशेषनाम झाले, मग ते इमारतीचे नाव घटनेला लागले, आणि शेवटी घटनेच्या नावाची शेपटी तोडून ती दुसऱ्या शब्दांना जोडली जाऊ लागली. हे फार लवकर घडले. निक्सन अजून पदावर असतानाच, ऑगस्ट १९७३ मध्ये, एका अमेरिकी विनोदी मासिकाने रशियातल्या कपोलकल्पित भानगडीला ‘व्होल्गागेट’ म्हटले होते. प्रत्ययाचा जन्मच थट्टेत झाला. त्याला रोजच्या वापरात आणले ते विल्यम सॅफायर यांनी. हे गृहस्थ आधी निक्सन यांची भाषणे लिहीत असत, नंतर वृत्तपत्रात स्तंभ लिहू लागले, आणि १९७४ पासून त्यांनी ‘व्हिएतगेट’, ‘कोरियागेट’, ‘बिलीगेट’ असे शब्द एकामागून एक पाडले. आपल्या जुन्या साहेबांचा गुन्हा इतरांच्या बारीकसारीक भानगडींच्या रांगेत उभा राहून लहान दिसावा, असा सुप्त हेतू आपल्या मनात असू शकेल, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले. मला ही कबुली कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा अधिक बोलकी वाटते. प्रत्येक लहानसहान गोष्टीला ‘गेट’ म्हटले, की थोरल्या गेटची उंची आपोआप कमी होते.

मराठी माणसाने या शेपटी-तोडीला नाक मुरडण्याचे कारण नाही; आपण तेच केलेले आहे, आणि तेही याच किनाऱ्याला परिचित असलेल्या शब्दांवर. चौल निजामशाहीचे बंदर होते, दाभोळ आदिलशाहीचे. निजामशहाची ती निजामशाही, आदिलशहाची ती आदिलशाही. ‘शाही’त शहा, म्हणजे राजा, जिवंत बसलेला होता. ती राज्ये बुडाली, पण शेपटी उरली, आणि आपण ती नोकरशाहीला लावली, झुंडशाहीला लावली, घराणेशाहीला लावली, आणि कहर म्हणजे लोकशाहीलाही लावली. हिंदीने लोकतंत्र म्हणून ही अडचण टाळली. मराठीने राजा पोटात ठेवूनच लोकांचे राज्य आणले, आणि त्यात काही विसंगती आहे असे आज कोणालाही वाटत नाही. प्रत्यय रुजला की त्याचे मूळ असेच विसरले जाते.

याहूनही जवळचे उदाहरण ‘भाऊगर्दी’चे आहे. निवडणुका जाहीर झाल्या की ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ हे शब्द छापून येतातच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भाऊ, दादा, अण्णा असे पुढाऱ्यांचे घोळके येतात. शब्दातला भाऊ मात्र एकच, सदाशिवरावभाऊ. आणि ती गर्दी १७६१ ची, पानिपतावरची. एका राजकीय आणि लष्करी सर्वनाशाला पडलेले नाव आज तिकिटासाठी लागलेल्या रांगेला वापरले जाते. सॅफायर यांना जे जाणूनबुजून साधायचे असावे, ते काळाने आपल्याकडे फुकट करून दिले. (त्याच भाऊंचा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता आणि १७७६ मध्ये बाहेर येऊन त्याने कोकणातले किल्ले घेत मोठे बंड माजवले. ‘तोतया’ या शब्दाला मराठीत जी धार आहे ती बरीचशी त्या बंडाने दिली असावी, असे माझे मत आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मग ‘शाही’ रुजते, ‘गर्दी’ रुजते, तर ‘गेट’ का रुजू नये? मंडळातल्या एका मुलाने हाच प्रश्न विचारला, आणि माझ्या सहकारी बाईंनी ‘इंग्रजी शब्द आहे म्हणून’ असे उत्तर दिले. ते मला पटले नाही. शाही फारसीच आहे, आणि लाचखोरातला खोरही. अडचण इंग्रजीपणाची नाही. अडचण अशी, की मराठीत ‘गेट’ हा शब्द रिकामा नाही. रेल्वेचे गेट, सोसायटीचे गेट, धरणाचे गेट उघडले म्हणून नदीकाठच्या गावांना दिलेला इशारा: हे सगळे आपण रोज बोलतो. शेपटीला नवा अर्थ चिकटायचा तर तिचा जुना अर्थ डोळ्यांआड व्हावा लागतो. येथे तो समोरच उभा आहे. इंग्रजीतही दाराला गेटच म्हणतात हे खरे, पण तेथे वॉटरगेट दोन वर्षे रोज घराघरात ऐकू येत होते आणि त्या दणक्यात दार बाजूला पडले. आपल्यापर्यंत वॉटरगेट पोहोचले ते मुख्यतः वाचणाऱ्यांपर्यंत.

भारतात जे एक ‘गेट’ खऱ्या अर्थाने लोकांच्या तोंडी बसले, त्याचे कारणही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये कोळसा खाणींच्या वाटपावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि १ लाख ८६ हजार कोटी रुपयांचा आकडा सर्वत्र झाला. इंग्रजीतल्या कोळशाच्या शब्दाला गेट जोडले आणि झाले ‘कोलगेट’. पण हे नाव चालले ते वॉटरगेटच्या पुण्याईवर नव्हे, दंतमंजनाच्या. आमच्याकडे दात घासायच्या कोणत्याही पेस्टला कोलगेटच म्हणतात. तरीही मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ठाण मांडले ते ‘कोळसा घोटाळा’ या शब्दांनीच.

घोटाळा हा शब्द उलगडून पाहावा असा आहे. तो घोटणे आणि घोटाळणे यांच्या कुळातला. वरण घोटतात, औषध खलात घोटतात. मांजर पायांत घोटाळते, एखादी ओळ मनात घोटाळत राहते. जे वेगळे असायला हवे ते एकमेकांत मिसळून गेले, हा त्याचा गाभा. म्हणूनच ‘तारखांचा माझा घोटाळा झाला’ असे आजही आपण निर्मळ मनाने म्हणतो, आणि त्यात कोणी पैसे खाल्लेले नसतात. हिशेबातला गोंधळ, मग मुद्दाम केलेला गोंधळ, मग गोंधळाच्या आड केलेली चोरी, अशा पायऱ्या उतरत तो आजच्या अर्थापर्यंत आला. चाराघोटाळा, मुद्रांक घोटाळा, सिंचन घोटाळा यांचा विग्रह करायला मी वर्गात सांगतो तेव्हा मुले पटकन ‘चाऱ्याचा घोटाळा’ म्हणून मोकळी होतात. पण चाऱ्याने घोटाळा केला नाही, आणि चाऱ्यातही तो झाला नाही, कारण बराचसा चारा कधी अस्तित्वातच नव्हता. घोटाळा झाला तो न घेतलेल्या चाऱ्याच्या बिलांत. मधली सगळी पदे गिळून समास उभा आहे, म्हणजे तो मध्यमपदलोपी. अशा समासात नेमके तेच पद लोपते जे लोपवण्यासाठी कोणीतरी पैसे खाल्लेले असतात, असे एका विद्यार्थ्याने एकदा उत्तरपत्रिकेत लिहिले होते. मी त्याला पूर्ण गुण दिले.

घोटाळ्याच्या जोडीला मराठीत ‘प्रकरण’ आहे, आणि दोहोंतला फरक रायगडकरांना तरी घरचा वाटावा. आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच काळात. त्या वेळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, आणि सिमेंटचा कोटा व अंतुले यांच्या न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणारे आरोप झाले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी पद सोडले, आणि पुढची कायदेशीर लढाई १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेली. बोलताना विरोधक ‘सिमेंट घोटाळा’ म्हणत आणि पाठीराखे ‘सिमेंट प्रकरण’ म्हणत, असे आमच्या घरी मी लहानपणी ऐकलेले आहे. वडील ज्याच्याशी बोलत असतील त्याप्रमाणे शब्द बदलत. घोटाळा म्हटले की आरोप सिद्ध धरला. प्रकरण म्हटले की फाईल अजून उघडी आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात कवीने कल्पनेने रचलेल्या कथानकाच्या नाटकाला ‘प्रकरण’ म्हणतात, ही माहिती आरोपी झालेल्या पुढाऱ्यांना कोणी दिलेली दिसत नाही. दिली असती तर त्यांनी तिचा उपयोग केला असता.

आणि कधीकधी शेपटीच लागत नाही. गुहागरजवळ अंजनवेलला जे घडले त्याला रत्नागिरी जिल्ह्यात आजही नुसते ‘एन्रॉन’ म्हणतात. १९९५ मध्ये रद्द झालेला, पुन्हा वाटाघाटी होऊन १९९९ मध्ये सुरू झालेला आणि २००१ मध्ये बंद पडलेला वीजप्रकल्प, त्यातली जमीन, आंदोलने, विजेचे दर, हे सगळे त्या साडेतीन अक्षरांत मावते. प्रकल्पामागच्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे नाव आधी ‘एन्टेरॉन’ ठरले होते, पण त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आतडे होतो हे लक्षात आल्यावर मधले अक्षर गाळले गेले. जे गिळते त्यालाच दिलेले खरे नाव हातचे गेले, असे म्हणावेसे वाटते.

पुन्हा मथळ्याकडे. ‘उघाडीगेट’ची चिरफाड केल्यावर लक्षात आले की त्यातला निम्मा शब्द बसून आहे. उघाडी म्हणजेच गेट, तेव्हा समास झाला दाराचे दार. दुसरे असे, की ज्या कामासाठी लेखिकेला ‘गेट’ हवे होते, ते काम पहिले पद आधीच करत होते. उघडणे हे क्रियापद संस्कृतातल्या उद्घाटनाचे सख्खे भावंड. उघाडी त्याच घरची, आणि ‘उघडकीस आणणे’ हेही त्याच घरचे. (आमच्याकडे दरवाजांचे उद्घाटन पुष्कळदा होते, उघडकीस काही येत नाही.) गंमत अशी की उघाडीचे नाव उघडण्यावरून पडले, पण शेत वाचते ते तिच्या मिटण्यावर.

तिसरा मुद्दा मी शिक्षक म्हणून मांडला, आणि तो थोडा कडवट होता. ‘गेट’ लावताच लेख असे सांगू लागतो की पैसे खाल्ले गेले आहेत. लेखिकेला काय ठाऊक होते? दार मिटत नाही, हे ठाऊक होते. दुरुस्तीचा खर्च पडल्याचे तिने ऐकले होते. या दोहोंच्या मधली जागा तिने संशयाने भरली होती, आणि तो संशय मलाही रास्त वाटत होता. पण भिंतीवर लावलेला कागदही प्रसिद्धीच असते, आणि अब्रुनुकसानीचे पूर्वीचे ४९९ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात नांदत आहे. ‘घोटाळा’ला हाच आक्षेप लागू होता. ‘उघाडी प्रकरण’ सुरक्षित होते, पण ते कचेरीतल्या फाईलच्या पाठीवर शोभेल असे होते, आणि लेखिकेने ते ऐकताच मान फिरवली. तिचे बरोबर होते.

तोडगा तिच्या आजोबांकडून आला. आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, त्यामुळे ते उघाडीला उघारी म्हणतात. नातीने त्यांना मथळा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “उघारी म्हंजेच गेट ना गो? आन् ती काय प्रकरन करते, ती त उघरीच हाय.” हे वाक्य तिने दुसऱ्या बैठकीत जसेच्या तसे सांगितले, आणि मग वहीत पाहत, जरा थांबून, त्याचे प्रमाण मराठीत रूप केले: ‘उघाडी उघडीच’.

दोनच शब्द, आणि दोन्ही एकाच धातूचे. त्यात आरोप नाही, कारण दार उघडे आहे ही कोणीही बांधावर जाऊन पाहण्याजोगी गोष्ट आहे. ‘उघडीच’मधल्या ‘च’ने मात्र जे सांगायचे ते सगळे सांगून टाकले होते: अजूनही, इतके होऊनही, खर्च पडल्याचे सांगूनही. आमचे जे काम तीन-चार प्रत्यय आणि परकीय नामे करू शकली नव्हती, ते एका शब्दयोगी अव्ययाने उरकले, असे मी म्हणालो. त्यावर सहकारी बाईंनी ते शब्दयोगीतही शुद्ध शब्दयोगी आहे, याची मला आठवण करून दिली.

लेख त्या मथळ्याने लागला. मुले मात्र जिन्यावरून उतरताना एकमेकांना ‘उघाडीगेट वाचलंस का’ असेच विचारत होती, आणि ती विचारत असताना हसत होती, म्हणजे शब्द ज्या कामासाठी जन्मला होता त्या थट्टेच्या कामाला शेवटी लागला. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला मी मुद्दाम त्या बांधावर गेलो. फळीच्या भोकातले पोते बदललेले होते. नवे पोते जुन्यापेक्षा मोठे होते, आणि त्याच्या दोन्ही कडांनी पाणी आत येत होते.